पोरगी माघारी आली तर ठेवणार कोण?

आपल्या शिबिरांत, अभ्यासवर्गांत एक प्रश्न हमखास निघतो. माणूस शिकला, शहरात आला, पगारावर लागला, हातात मोबाईल आला, तरी लग्नाच्या वेळी तो आज्यापणज्याच्याच वाटेनं का जातो? जात बघतो, पोटजात बघतो, देण्याघेण्याची बैठक बसवतो, मानपानावरून रुसतो. असं का? प्रश्नासारखं उत्तरही ठरलेलं असतं. अज्ञान! समाज अजून जागा झाला नाही, शिक्षण वाढलं की जाईल हळूहळू. मग टाळ्या होतात, चहा येतो आणि प्रश्न जिथला तिथं राहतो.

माझं म्हणणं असं की हे उत्तर खोटं आहे, आणि खोटं असून आपल्या सोयीचं आहे. अज्ञान म्हटलं की दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. आपण बोलणारे, समाज ऐकणारा. आपण कोरडेच.

जरा हुंड्याच्या दराकडे बघा. शिक्षणानं हुंडा जात असता तर डॉक्टर मुलाचा हुंडा सगळ्यात कमी असायला पाहिजे होता आणि ऊसतोड्याचा सगळ्यात जास्त. आहे उलटं. मुलाची पदवी, मुलाची सरकारी नोकरी, शहरातली खोली, सगळं तागडीत पडतं आणि दर चढत जातो. मुलगी शिकली तर तिच्यापेक्षा जास्त शिकलेला नवरा पाहिजे, आणि त्याचा भाव आणखी वर. म्हणजे बापानं पोरीच्या शिक्षणापायी एकदा फी भरली आणि त्याच शिक्षणापायी दुसऱ्यांदा हुंडा भरला. शिक्षणानं बाजार मोडला नाही. शिक्षण स्वतःच बाजारात माल म्हणून जाऊन बसलं.

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा. साठ वर्षं उलटून गेली, तरी २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीच्या ६ हजारांवर केसेसची सरकारदरबारी नोंद झाली. आता लोक हुंडा म्हणत नाहीत. "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला," असं म्हणतात. शिकलेल्या माणसाची भाषा तेवढी सुधारली.

आणखी एक गोष्ट सांगतो. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०११-१२ च्या देशभरच्या पाहणीचे आकडे तपासले. शंभर लग्नांत आंतरजातीय लग्नं सहाच्याही आत, आणि गेल्या चार दशकांत वाढीचा कल नाही. नवरानवरीच्या स्वतःच्या शिक्षणानं त्यात फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. फरक पडला तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणानं. आई जास्त शिकलेली असेल तर मुलाचं लग्न जातीबाहेर होण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ मी असा लावतो: आपल्याकडे लग्न ज्याचं असतं तो लग्न ठरवत नाही. पोरगा एम.ए. झाला, पोरगी बी.एस्सी. झाली, पण ठरवणारं घर तेच. आपण शिकवलं एकाला आणि निर्णय राहिला दुसऱ्याकडे. मग शिक्षणानं काय केलं म्हणून ओरडायचं कशाला?

यंत्राचंही तसंच. मी सूतगिरणीत काम करतो म्हणून गिरणीचाच दाखला देतो. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. यंत्रं विलायती, इंजिन वाफेचं, पाळी भोंग्यावर. त्या काळात याहून आधुनिक काय होतं? पण विणाईच्या खात्यात, जिथं मजुरी जास्त, तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण काय? तर धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. यंत्राला जात नव्हती. चालवणाऱ्यांनी ती त्यात बसवली. आज लग्न जुळवणाऱ्या ॲपमध्ये जातीचा रकाना असतो, पोटजातीचाही असतो. पूर्वी मध्यस्थ दहा गावं तुडवायचा. आता अंगठा फिरवला की जातीची चाळण लागून यादी हजर. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत वर लिहितात "जातीची अट नाही" आणि खाली लिहितात "एससी, एसटी क्षमस्व". हेच आपलं आधुनिकीकरण. त्यानं जात पाळणं सोपं केलं.

आता 'परंपरा' हा शब्द तपासू. आपल्या वस्तीत हुंडा ही खरंच परंपरा आहे का? घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. महारांत आणि कितीतरी कष्टकरी जातींत देज होतं. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला पैसे मोजायचे. देजही किंमतच होती, तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण पोरगी राबते, तिच्या जाण्यानं एका घराचे दोन हात कमी होतात, हे त्यात कबूल होतं. विधवेला पाट लावता येत होता. नवरा नांदवत नसेल तर पंचांसमोर काडीमोड होत होती आणि बाई दुसरं घर करत होती. मग देज जाऊन हुंडा आला कधी? पोरं मॅट्रिक होऊन नोकरीला लागली तेव्हा. पाट लावणं कमीपणाचं वाटू लागलं कधी? घरात टेबलखुर्ची आली तेव्हा. आजीला जे मोकळेपण अडाणीपणात होतं ते नातीला पदवी घेऊन मिळेना.

तेव्हा प्रश्नच उलटा विचारला जातोय. जुन्या प्रथा शिक्षणाला पुरून उरल्या, असं आपण म्हणतो. आपल्यापुरतं बोलायचं तर कितीतरी प्रथा आपल्या नव्हत्याच. त्या शिक्षणाच्या, पगाराच्या बोटाला धरून आपल्या घरात शिरल्या. का शिरल्या? कारण आपल्याला माणूस म्हणून मान पाहिजे होता, आणि मान कसा दिसतो याचा नमुना समोर एकच होता: वरच्या आळीतलं लग्न.

इथं थांबलं पाहिजे, कारण आपले विद्वान इथंच घाईनं शेरा मारतात. नक्कल! ब्राह्मणी संस्कृतीची नक्कल! मला हा शेरा अर्धाच पटतो. ज्याच्या बापाला नवरदेव म्हणून गावातनं मिरवू दिलं नाही, त्यानं बँड लावून वेशीतनं वरात काढली तर तो नक्कल करत नाही, तो हिशेब चुकता करतो. आजही देशात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात, पोलीस बंदोबस्तात वराती निघतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की लुगडं नीट नेसा, अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवलेले ते जाडजूड दागिने टाका. ती नक्कल होती काय? ती गुलामीची वर्दी उतरवणं होतं.

मग वरात चालते आणि हुंडा चालत नाही, हे कोणत्या न्यायानं? माझी कसोटी साधी आहे. एखाद्या प्रथेपुढं उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. हिची किंमत कोण मोजतो? आणि ज्याला ती नको आहे त्याला बाहेर पडता येतं का? वरातीची किंमत मिरवणारा स्वतः मोजतो, आणि नको असेल तर तो पायी जातो. फक्त त्यापायी सावकाराच्या दारात जायची पाळी येऊ नये. हुंड्याची किंमत पोरीचा बाप मोजतो, पुढं पोरगी जन्मभर मोजते, आणि "आम्हाला हे मान्य नाही" म्हणून तिला उठून जाता येत नाही. पोटजातीचं तेच. तीनशे माणसांच्या पंगतीत पोटजातीचा फायदा सगळ्यांना आणि तोटा त्या दोघांना, ज्यांचं एकमेकांवर मन बसलं होतं. प्रथा जुनी की नवी, हिंदू की बौद्ध, हा प्रश्न नंतरचा.

आता आपल्या घरात येऊ. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस, म्हणजे आपल्याएवढंच. त्यात त्यांनी जातीचं मूळ दाखवलं ते लग्नात. स्वतःच्या गटातच लग्न करायचं हा नियम म्हणजेच जात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे तो नियम टिकवण्यासाठी बाईच्या अंगावर केलेले इलाज. १९३६ च्या 'जातिप्रथेचं उच्चाटन' या भाषणातही, जे त्यांना करूच दिलं नाही, खरा उपाय म्हणून ते आंतरजातीय विवाहाकडे आले, आणि त्यापुढं जाऊन म्हणाले की ज्या शास्त्रांच्या श्रद्धेवर हे उभं आहे ती श्रद्धाच मोडा.

१९५६ ला आपण श्रद्धा मोडली. लग्नाचा विधी बदलला. होम नाही, सप्तपदी नाही, भटजी नाही. पांढरे कपडे, पाण्यानं भरलेलं मडकं, सुताचा धागा, त्याचं एक टोक तिच्या हातात आणि एक टोक त्याच्या हातात. मी रोज सूत हाताळतो, म्हणून मला हा विधी फार आवडतो. एका धाग्याला दोन टोकं असतात, वरचं आणि खालचं असं काही नसतं. पण तो धागा हातात द्यायच्या आधी काय काय झालेलं असतं? बैठकीत विचारलेलं असतं, "तुम्ही सोमवंशी का?" "लाडवण का?" "बावणे का?" "कोकणातले की घाटावरचे?" साडेबारा पोटजातींचा हिशेब विहाराच्या बाहेर पुरा करून माणसं विहारात येतात आणि त्रिसरण म्हणतात. मातंगाच्या घरी सोयरीक मागायला आपल्यातला कोण गेला? चर्मकाराची पोर कोणी केली? ब्राह्मणाच्या पोरीशी लग्न झालं तर आपण त्याची बातमी करतो. मातंगाच्या पोरीशी झालं तर घरात सुतक. बुद्धाच्या मूर्तीसमोर ही उतरंड शाबूत उभी आहे, आणि वरचं मडकं आपलं आहे म्हणून आपण गप्प आहोत.

कोणी म्हणेल, कायद्यानंच आपल्याला सोडलेलं नाही. खरं आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. आपण धर्म बदलला तरी कायद्याच्या वहीत आपलं लग्न तिथंच लागतं. तो प्रश्न लढायचा आहे. पण पोटजात बघायला कोणत्या कायद्यानं सांगितलं? ते आपलं आपणच.

मग असं का झालं? १९५६ ला देव टाकले, भटजी टाकला, गावकीची कामं टाकली, मेलेलं जनावर ओढायचं टाकलं. एवढं मोठं ओझं ज्यांनी फेकलं त्यांना पोटजात का फेकता येईना? मला सुचतं ते असं. जे आपण टाकलं ते सगळ्यांनी मिळून टाकलं. नागपूरला लाखो माणसं एका वेळी उभी राहिली. गावोगाव पंचायत बसली आणि ठरलं की उद्यापासून ढोर ओढायचं नाही, आणि सगळी वस्ती बहिष्काराला एकत्र तोंड देत उभी राहिली. एकटा कोणी नव्हता. लग्न मात्र एकेका घरात ठरतं, दार लावून. तिथं मोडणारा एकटा मोडतो आणि तोटाही एकटा सोसतो. वस्ती लांबून बघते, टाळ्या वाजवते किंवा थुंकते.

हा तोटा म्हणजे काय, ते शिकलेल्या कार्यकर्त्याला कळत नाही. पगारी माणसाला सोयरे म्हणजे कटकट. हातावर पोट असणाऱ्याला सोयरे म्हणजे बँक, दवाखाना, विमा आणि धर्मशाळा. शहरात पहिल्या दिवशी पाठ टेकायला खोली कोणाची? सोयऱ्याची. कामाला चिकटवला कोणी? सोयऱ्यानं. आजारपणात उसने कोणाकडून? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला तेव्हा कितीतरी कामगार बायकापोरं घेऊन गावाकडे गेले आणि नात्यागोत्यानं पोट भरलं. युनियननं वर्षभर जेवण घातलं नाही, घालू शकत नव्हती. सोयरीक म्हणजे गरिबानं हप्ते भरून घेतलेली पॉलिसी आहे. आहेर हा तिचा हप्ता, मानपान हा हप्ता, चुलतमावसांच्या पसंतीनं लग्न करणं हाही हप्ताच. जो पोटजातीबाहेर पोर देतो त्याची पॉलिसी बंद पडते. हे त्याला नीट कळतं. अज्ञान कुठं आहे यात? हा तर चोख हिशेब आहे.

आमच्या खात्यात एक वयस्क कामगार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी थोरल्या पोरीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं, पीएफ उचलला. लग्नासाठी पीएफ काढता येतो, सरकारी नियमातच ते कारण लिहिलेलं आहे. मी त्यांना म्हटलं, "मामा, पोरगी नोकरी करते, पगार आणते, तरी हे कशाला?" पाळी सुटायच्या वेळी डबा बांधत ते म्हणाले, "पोरा, तुजं समदं खरं हाय. तू कविता वाचतोस, भाषण करतोस, मी बी टाळी वाजिवतो. पर मी पैसं दिलं न्हाईत, जातीबाहेर दिली, आन उद्या त्या लोकांनी हिला हाकलली, तर माजा भाऊ म्हणंल, तुजं तू बघ. मग पोरगी घिऊन मी कुठं जाऊ? तुजी संघटना ठिवून घील का तिला?"

मित्रांनो, या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. मामांना बाबासाहेब माहीत नाहीत असं नाही. त्यांच्या घरात भिंतीवर दोन्ही तसबिरी आहेत. त्यांना पटत नाही असंही नाही. त्यांना एवढंच विचारायचं आहे की क्रांतीचा खर्च कोण देणार. आपण त्यांना तत्त्व सांगतो आणि खर्चाचं बिल त्यांच्या पोरीच्या नावानं फाडतो. तत्त्व आपलं, तोटा तिचा. हा सौदा नीतीचा आहे का? माझा प्रश्न हा आहे. जो तोट्यात भागीदार नाही त्याला दुसऱ्याला "मोड" म्हणायचा अधिकार किती?

यावर कोणी म्हणेल, मग गप्प बसावं का? समाजाला झेपेल तेव्हा मोडेल म्हणून वाट बघावी? नाही. हे तर सनातन्यांचंच बोलणं. वाट बघण्याचाही तोटा आहेच, आणि तोही पोरीच मोजतात. मराठी बोलताना ऐका जरा. मुलगी 'दिली' म्हणतात, सून 'आणली' म्हणतात, बायको 'केली' म्हणतात. सगळी क्रियापदं दुसऱ्याची, तिचं स्वतःचं एकही नाही. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की लग्नाची घाई करू नका, लग्न ही जोखीम आहे; आणि केलंत तर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. ऐंशी वर्षं झाली. ज्या पोरीनं हे ऐकलं आणि खरंच उभी राहिली, तिच्या शेजारी उभं राहायला किती जण होते?

आणि जातीबाहेर पाऊल टाकणाऱ्या पोरापोरींची किंमत तर पैशात मोजता येत नाही. २०१४ साली खर्ड्यात आपलं शाळकरी वयाचं पोरगं मारून टाकलं. ते वरच्या जातीच्या मुलीशी बोललं होतं, एवढाच संशय. २०१७ ला आरोपी कोर्टातनं सुटले. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घराची, जातीची, पंचायतीची संमती लागत नाही. निकाल चांगला आहे. पण निकाल कागदावर असतो आणि दार वाजतं रात्री दोनला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं जातधर्म न विचारता लग्न लागतं, पण तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ज्यांच्यापासून लपायचं त्यांनाच तीस दिवसांची मुदत. ते तीस दिवस त्या दोघांनी कुठं काढायचे? कोणाच्या खोलीत? आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तालुक्याच्या गावात सही करून वैर घेणारे ते तीन जण कोण?

इथं आपलं काम सुरू होतं. १९४८ साली बाबासाहेबांनी सारस्वत ब्राह्मण घरातल्या डॉक्टर शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ना जात, ना होम, ना देणंघेणं. आपण म्हणतो, बाबासाहेब मोठे होते, त्यांना शोभलं. मी म्हणतो, १९५६ ला त्यांनी दाखवून दिलं की एकट्या मोठ्या माणसाला जे शोभतं ते लाखो साध्या माणसांनी मिळून केलं की साधंच होतं. लग्नाच्या बाबतीत ते मिळून करणं राहून गेलं आहे.

मिळून म्हणजे कसं? मी ठराव मांडत नाही. ठरावांनी आपल्या फायली फुगल्या आहेत. चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन घरं अशी ठरलेली पाहिजेत, जिथं पळून आलेलं जोडपं किंवा माघारी आलेली पोरगी निदान सहा महिने राहील. पुढाऱ्याचं घर नको, त्याला निवडणूक असते. साध्या कार्यकर्त्याचं घर, आणि त्या घरातल्या बाईला आधी विचारून. नाहीतर आपली क्रांती तिच्या चुलीवर शिजायची.

दोन. जयंतीची वर्गणी आपण न चुकता काढतो. डीजे लागतो, कमानी लागतात. त्या वर्गणीतला रुपयातला एक चार आणा अशा पोरींच्या नावानं बाजूला पडू द्या. मोटरसायकलच्या हप्त्याला आपण जामीन राहतो ना? तसं माघारी आलेल्या पोरीच्या शिलाई मशिनला, तिच्या नर्सिंगच्या फीला, तिच्या वकिलाला जामीन राहायचं. नात्यातला भाऊ "तुझं तू बघ" म्हणाला, तरी तिला भाऊ नाही असं होता कामा नये.

तीन. आपल्यातल्या ज्या पोरांना नोकरी लागली आहे त्यांनी बोलणी व्हायच्या आधी, बैठकीत, मोठ्यानं सांगायचं की देणंघेणं नाही, आणि पोटजात विचारली तर मी उठून जाईन. आईबापाआड लपायचं नाही. "मला काही नको, पण घरच्यांपुढं इलाज नाही," हे वाक्य मी आंबेडकरी पोरांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्याचा घरच्यांपुढं इलाज चालत नाही त्यानं व्यवस्थेपुढं इलाज सांगू नये. एकट्याला जड जात असेल तर दहा पोरांनी एकाच दिवशी, एकाच विहारात, सगळ्यांसमोर सांगा. मिळून सांगितलं की कोणा एकाच्या बापाची मान खाली जात नाही.

चार. सोयरीक मागायला आपण होऊन जायचं, मातंगाच्या, चर्मकाराच्या, ढोराच्या, मेहतराच्या घरी. परिषदेत त्यांना व्यासपीठावर बसवणं सोपं आहे. सुपारी घेऊन त्यांच्या ओट्यावर बसणं, तिथं पाणी पिणं, "तुमची पोर आमच्या पोराला पसंत आहे, तुमच्या पोरीला विचारा" असं म्हणणं, हे अवघड आहे. दलित ऐक्य भाषणात होत नाही. व्याही झाल्यावर होतं.

यानं जात उद्या मोडेल असं मी म्हणत नाही. शंभरातल्या सहाचे दहा झाले तरी आपल्या हयातीत खूप झालं. पण निदान आपण ज्याला "मोड" म्हणतो त्याच्याबरोबर मोडायला उभे असू. लोक प्रथा धरून बसतात ते त्यांना प्रकाश दिसत नाही म्हणून नव्हे. हात सोडला तर खाली कोणी झेलायला आहे का, हे त्यांना दिसत नाही म्हणून.

पुढच्या बैठकीला विषयपत्रिकेवर पहिला विषय हा घ्या. आपल्या तालुक्यात कोणाच्या घरात एक खोली आहे, साक्षीदाराची सही करणारे तीन जण कोण, जामीन राहणार कोण. नावं वहीत लिहा, पत्त्यासकट. ती वही मला बघायची आहे, आणि मामांना दाखवायची आहे.

जय भीम.